बोलून चालणारी यंत्रं आणि चिपचे शेअर: नव्या गुंतवणूकदाराने अभ्यास कुठून सुरू करावा

लोक मोबाइलवर टाइप करणं सोडून बोलू लागले आहेत. बोललेलं समजायला चिप लागतात. म्हणून चिप कंपन्यांचे शेअर घेऊन ठेवा. हा सल्ला हल्ली सगळीकडे मिळतो. त्यातली पहिली दोन वाक्यं खरी आहेत. तिसरं मात्र त्यांच्यातून आपोआप निघत नाही, आणि नव्या माणसाचे पैसे जातात ते याच ठिकाणी.

आवाज ओळखण्याचं काम इअरबडमध्ये होतंय, मोबाइलमध्ये होतंय की दूरच्या डेटा सेंटरमध्ये, यावरून कोणती चिप खपणार हे ठरतं. ती चिप कोणाची, हे त्यानंतर कळतं. आणि त्या कंपनीचा शेअर आजच्या भावाला घ्यावा का, हा अगदी शेवटचा प्रश्न. मी हा विषय शिकताना ज्या क्रमाने गेल्यावर गुंता सुटला, त्याच क्रमाने इथे मांडतो. मी सेबी-नोंदणीकृत सल्लागार नाही. खाली कंपन्यांची नावं येतील ती उदाहरणं म्हणून, शिफारस म्हणून नाही.

अभ्यासाला बसताना एवढं जवळ असू द्या:

- एक वही किंवा स्प्रेडशीट
- कंपनीचा वार्षिक अहवाल. अमेरिकी कंपन्यांचा '१०-के' नावाचा अहवाल तिथल्या एसईसी या बाजार नियामकाच्या 'एडगर' या संकेतस्थळावर फुकट मिळतो, भारतीय कंपन्यांचा बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळावर
- इतर कंपन्यांच्या चिप बनवून देणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीचे विक्रीचे आकडे. ही कंपनी ते दर महिन्याला, १० तारखेच्या सुमारास जाहीर करते
- सेबीच्या संकेतस्थळावरची नोंदणीकृत सल्लागार आणि रिसर्च अ‍ॅनालिस्ट यांची यादी

## १. आधी गूगलचा २०१३चा हिशोब समजून घ्या

या विषयात एकच गोष्ट वाचायला वेळ असेल तर ही वाचा.

२०१३मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी एक अंदाज मांडला. लोकांनी दिवसातून फक्त ३ मिनिटं बोलून सर्च केलं आणि ते बोलणं न्यूरल नेटवर्कने, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रामने, ओळखायचं ठरवलं, तर कंपनीला आपल्या डेटा सेंटरची क्षमता दुप्पट करावी लागेल. हे काम नेहमीच्या सीपीयूवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य चिपवर, करणं फारच महागात पडणार होतं.

इथे थांबून विचार करा. त्या वेळी हा अंदाज तुमच्या हाती लागला असता तर तुम्ही काय घेतलं असतं? बहुतेकांनी सर्व्हरचे सीपीयू बनवणाऱ्या कंपनीचे शेअर घेतले असते, कारण डेटा सेंटर दुप्पट म्हणजे सीपीयूही दुप्पट. गूगलने मात्र स्वतःची चिप बनवली. तिचं नाव टेन्सर प्रोसेसिंग युनिट, म्हणजे टीपीयू. अवघ्या १५ महिन्यांत तिची रचना होऊन ती डेटा सेंटरमध्ये बसली. २०१५पासून ती कामाला लागली होती, जगाला कळलं २०१६च्या मे महिन्यात. त्या काळच्या सीपीयू आणि जीपीयूच्या (एकाच वेळी खूप गणितं करणाऱ्या चिपच्या) तुलनेत ही चिप असं काम साधारण १५ ते ३० पट वेगाने करते, असं गूगलच्या अभियंत्यांनी २०१७च्या शोधनिबंधात लिहिलं.

म्हणजे मागणी खरी होती आणि अंदाजही बरोबर होता. पैसा मात्र जुन्या पुरवठादाराकडे गेला नाही. टीपीयूच्या पुढच्या पिढ्यांच्या रचनेत ब्रॉडकॉम या चिप कंपनीचा सहभाग आहे, पण २०१३मध्ये आवाज ओळखीच्या संदर्भात ब्रॉडकॉमचं नाव किती जणांना सुचलं असतं?

अ‍ॅमेझॉननेही हेच केलं. अलेक्साच्या आवाजाचं बरंचसं काम आधी एनव्हिडियाच्या जीपीयूवर चालायचं. २०२०मध्ये कंपनीने त्यातलं मोठं काम 'इन्फरेन्शिया' या स्वतःच्या चिपवर हलवलं आणि खर्च सुमारे ३० टक्के कमी झाल्याचं सांगितलं. मोठ्या गिऱ्हाइकाचा खर्च एका मर्यादेपलीकडे गेला की ते स्वतःची चिप बनवायला घेतं. प्रत्येक चिप कंपनीचा अभ्यास करताना हा धोका वहीत लिहून ठेवा.

## २. आवाज कुठे ओळखला जातो ते शोधा

तीन जागा आहेत.

माइकच्या शेजारी. 'हे सिरी' ऐकताच फोन जागा होतो, कारण एक छोटा, अगदी कमी वीज खाणारा प्रोसेसर चोवीस तास कान देऊन बसलेला असतो. अ‍ॅपलच्या रचनेत या प्रोसेसरला ते शब्द ऐकल्यासारखं वाटलं, की तो मुख्य प्रोसेसरला उठवतो आणि तिथे मोठं मॉडेल, म्हणजे आवाजाच्या नमुन्यांवर शिकवलेला प्रोग्राम, पुन्हा खात्री करून घेतं. इअरबड, रिमोट, गाडीचा डॅशबोर्ड इथे अशाच चिप असतात. त्यासोबत चिपवरच कोरलेले बारीक मेम्स माइक आणि आवाजाचे आकडे करणाऱ्या कोडेक चिप. हा माल प्रचंड संख्येने खपतो, पण एका नगाची किंमत कमी आणि गिऱ्हाइकं मोजकी. सिरस लॉजिक ही ऑडिओ चिपची कंपनी पाहा. तिच्या विक्रीतला ८० टक्क्यांहून जास्त हिस्सा एकट्या अ‍ॅपलकडून येतो, आणि हे तिच्या वार्षिक अहवालातच लिहिलेलं आहे. अशा कंपनीचं भवितव्य आवाज तंत्रज्ञानापेक्षा अ‍ॅपलच्या पुढच्या निर्णयावर जास्त अवलंबून असतं.

मोबाइलमध्ये. २०१९मध्ये गूगलने आपल्या कीबोर्डसाठी इंग्रजी बोलणं ओळखणारं मॉडेल ८० एमबीत बसवलं, तेही इंटरनेटशिवाय चालणारं. अ‍ॅपलने २०२१मध्ये आयओएस १५सोबत सिरीची बरीचशी आवाज ओळख फोनमध्येच आणली. काम असं फोनमध्ये आलं की डेटा सेंटरवरचा भार हलका होतो. उलट फोनच्या मुख्य चिपमधला न्यूरल भाग आणि रॅम वाढते. आयफोन १५मध्ये ६ जीबी रॅम होती, आयफोन १६मध्ये ८ जीबी आली. त्यामागे फोनमध्येच चालणारी मॉडेलं हे मोठं कारण होतं.

डेटा सेंटरमध्ये. कॉल सेंटरची संभाषणं, बैठकांची टिपणं, व्हिडिओंची उपशीर्षकं, बोलून उत्तर देणारे सहायक. एनव्हिडियाच्या चिप, टीपीयू, एचबीएम नावाची अतिवेगवान मेमरी, सगळं इथलं.

बातमी वाचल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: या तिन्हींपैकी कुठली जागा? बातमीत ते लिहिलेलं नसेल तर त्या सेवेचं इंटरनेट बंद करून बघा. चालली तर फोनमध्ये, थांबली तर डेटा सेंटरमध्ये.

एक गोष्ट इथेच सांगतो. किराणा दुकानातला 'अमुक रुपये प्राप्त झाले' म्हणणारा साउंडबॉक्स फक्त बोलतो, ऐकत नाही. त्याच्या वाढत्या खपावरून आवाज ओळखीच्या वाढीचे निष्कर्ष काढू नका. यूपीआयमध्ये खरी आवाज ओळख आहे ती 'हॅलो यूपीआय'मध्ये. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ती सुविधा सप्टेंबर २०२३मध्ये आणली.

## ३. कागदावर गणित मांडा

यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही, गुणाकार पुरतो.

आवाज ओळखणारी मॉडेलं साधारणपणे सेकंदाला १६,००० नमुने घेतात, प्रत्येक नमुना २ बाइटचा. म्हणजे सेकंदाला ३२,००० बाइट आणि तासाला सुमारे ११५ एमबी. सिनेमाच्या तुलनेत हे काहीच नाही. फक्त आवाज साठवायचा म्हणून स्टोरेज चिपची मागणी भडकेल, असं कोणी सांगितलं तर हा आकडा पुढे ठेवा.

आता मॉडेलचा आकार. ओपनएआयने सप्टेंबर २०२२मध्ये बोललेलं लिहून काढणारं 'व्हिस्पर' हे मॉडेल खुलं केलं. ६,८०,००० तासांच्या आवाजावर ते शिकवलं होतं. त्याच्या सर्वांत मोठ्या आवृत्तीत सुमारे १५५ कोटी पॅरामीटर, म्हणजे मॉडेल शिकताना ठरवतं ते आकडे, आहेत. एका पॅरामीटरला २ बाइट धरले तर ३.१ जीबी. सर्वांत लहान आवृत्तीत ३.९ कोटी, म्हणजे ७८ एमबी. याउलट मेटाच्या लामा ३चं ७,००० कोटी पॅरामीटरचं भाषा मॉडेल घ्या. त्याच हिशोबाने १४० जीबी. एनव्हिडियाच्या एच१०० चिपवर मेमरी ८० जीबी असते. व्हिस्पर तिच्या एका कोपऱ्यात मावतं, लामाला अशा दोन चिप लागतात.

हे गणित पहिल्यांदा मांडलं तेव्हा माझ्या डोक्यातलं चित्रच बदललं. निव्वळ ऐकून लिहून घेण्याचं काम आता स्वस्त झालंय आणि दिवसेंदिवस फोनमध्ये शिरतंय. महागड्या चिप लागतात त्या ऐकलेल्याचा अर्थ लावून उत्तर देण्यासाठी. बोलणं सोपं झाल्यामुळे जे लोक कधी टाइप करणार नव्हते ते मोठ्या मॉडेलपर्यंत पोहोचतात, आणि डेटा सेंटरच्या चिपची मागणी त्या वाटेने वाढते. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले ८.३ कोटी लोक होते. गूगलचं मराठी व्हॉइस टायपिंग २०१७मध्ये आलं, केंद्र सरकारची 'भाषिणी' ही भारतीय भाषांमधली भाषांतर आणि आवाजाची सेवा २०२२मध्ये. घरातल्या ज्येष्ठांना देवनागरी कीबोर्ड जमत नव्हता, ते आता प्रश्न बोलून विचारतात. ही वाढ खरी आहे. पण तिचा चिपवरचा परिणाम मोजताना 'ऐकणं' आणि 'उत्तर देणं' यांचे दोन वेगळे रकाने करा.

तिसरा रकाना हवा तो थांबण्याच्या वेळेचा. माणसं एकमेकांशी बोलताना दोघांच्या वाक्यांमध्ये साधारण सेकंदाच्या पाचव्या भागाएवढी जागा असते. यंत्राने दोन-तीन सेकंद घेतले की ऐकणारा 'हॅलो, हॅलो' करायला लागतो. लिखित कामं रांगेत लावून रात्री निवांत उरकता येतात, पण चालू संभाषण थांबवून ठेवता येत नाही. म्हणून सकाळी अकराच्या गर्दीला पुरतील एवढ्या चिप सज्ज ठेवाव्या लागतात, मग रात्री त्या रिकाम्या का राहीनात.

आणि हे सगळे आकडे पेन्सिलने लिहा. मॉडेल लहान झालं की बोलण्याच्या एका मिनिटाला लागणारी चिप कमी होते, पण स्वस्त झालं की बोलण्याची मिनिटं वाढतात. यातलं काय जास्त वेगाने होईल यावर बाजाराचं मत एका दिवसात पालटू शकतं. २७ जानेवारी २०२५ला चीनच्या डीपसीकने कमी खर्चात चांगलं मॉडेल बनवल्याची चर्चा झाली आणि एनव्हिडियाचा शेअर एका दिवसात १७ टक्के पडला.

## ४. कंपनीचा पैसा खरंच कुठून येतो ते वाचा

वार्षिक अहवालात विक्रीची विभागवार फोड असते. थेट तिथे जा. एनव्हिडियाच्या जानेवारी २०२५मध्ये संपलेल्या वर्षात एकूण विक्री १३,०५० कोटी डॉलर होती, त्यातले ११,५२० कोटी डेटा सेंटरचे. त्यात आवाजाचा वेगळा आकडा नाही. तुमचा तर्क आवाजावर उभा असेल आणि कंपनी तो आकडा देतच नसेल, तर तुम्ही एकूण एआयच्या खर्चावर पैसे लावत आहात. ते लावायला हरकत नाही, पण आपण काय करतोय हे माहीत असावं.

पुरवठ्याच्या साखळीत आणखी मागे गेलात तर टीएसएमसी दिसते. अ‍ॅपल, एनव्हिडिया, ब्रॉडकॉम यांच्या सर्वांत प्रगत चिप मुख्यतः तिथेच बनतात, त्यामुळे कोणाची रचना जिंकते याची चिंता तुलनेने कमी. पण सगळं तैवानमध्ये एकवटल्याचा धोका मोठा. तिच्याही मागे नेदरलँड्सची एएसएमएल, प्रगत चिपवर अतिसूक्ष्म नक्षी छापणारी ईयूव्ही यंत्रं बनवणारी जगातली एकमेव कंपनी. मेमरीचा धंदा मात्र तेजी-मंदीचा. मायक्रॉनला २०२३च्या आर्थिक वर्षात ५८० कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला होता, आणि त्याच काळात एआयच्या बातम्यांना उधाण आलं होतं.

भारतातली नावं पाहताना जास्त सावध राहा. धोलेरात तैवानच्या पीएसएमसीसोबत चिपचा कारखाना उभारणारी टाटा इलेक्ट्रॉनिक्स शेअर बाजारात नोंदलेली नाही. साणंदचा मायक्रॉनचा प्रकल्प चिपच्या जुळणी आणि चाचणीचा आहे, आणि त्याचा शेअर अमेरिकेत आहे. सीजी पॉवरचा चिप प्रकल्प खरा आहे, पण कंपनीचा मुख्य धंदा मोटर आणि ट्रान्सफॉर्मरचा. यापैकी कशाचाही मराठी माणूस फोनशी बोलतो याच्याशी अजून थेट संबंध नाही.

## ५. हे सापळे ओळखून ठेवा

तंत्रज्ञान खरं ठरतं, शेअर बुडतो. बेल्जियमची लेर्नाउट अँड हॉस्पी ही नव्वदच्या दशकात आवाज ओळखीतली जगातली आघाडीची कंपनी होती. मायक्रोसॉफ्टने तिच्यात पैसे घातले होते. २०००मध्ये तिने आवाज ओळखीतलीच अमेरिकेची ड्रॅगन सिस्टिम्स विकत घेतली आणि सगळी किंमत स्वतःच्या शेअरमध्ये चुकवली. त्याच वर्षी कोरियातली तिची विक्री फुगवलेली असल्याचं बाहेर आलं. कंपनी दिवाळखोरीत गेली, संस्थापकांवर पुढे गुन्हा सिद्ध झाला. ड्रॅगनच्या मालकांच्या हाती आलेले शेअर मातीमोल झाले. तिचं तंत्रज्ञान मात्र स्कॅनसॉफ्टने घेतलं, ती पुढे न्युअन्स झाली, आणि मायक्रोसॉफ्टने २०२२मध्ये न्युअन्स १,९७० कोटी डॉलरला घेतली. आवाज ओळखीचं भविष्य उज्ज्वल आहे असं २०००मध्ये म्हणणारे बरोबर होते. पैसे तरीही गेले, कारण हिशोब खोटे होते आणि ते कोणी तपासले नव्हते. विक्री कागदावर दिसते, पण रोख रक्कम आत येते का, हे 'कॅश फ्लो'च्या पानावर बघायची सवय लावा.

मोठ्या कंपनीने घेतलं म्हणून आपणही घ्यायचं. फेब्रुवारी २०२४मध्ये एका सरकारी नोंदीतून कळलं, की एनव्हिडियाकडे साउंडहाउंड एआय या आवाज तंत्रज्ञानाच्या कंपनीचे सुमारे ३७ लाख डॉलरचे शेअर आहेत. एनव्हिडियाच्या मानाने ही रक्कम नगण्य. तरी साउंडहाउंडचा शेअर एका दिवसात ६० टक्क्यांहून जास्त चढला. वर्षभराने, फेब्रुवारी २०२५मध्ये, तशाच नोंदीतून एनव्हिडिया बाहेर पडल्याचं कळलं आणि तो एका दिवसात पाव हिश्शाहून जास्त कोसळला. '१३एफ' नावाची ही नोंद तिमाही संपल्यावर ४५ दिवसांपर्यंत दाखल करता येते, म्हणजे तुम्ही वाचता ते चित्र जुनं असतं.

नावात 'सेमीकंडक्टर'. रोज अप्पर सर्किट (एका दिवसातली वाढीची कमाल मर्यादा) लागणारा छोटा शेअर दिसला तर बीएसई-एनएसईच्या वाढीव देखरेखीच्या यादीत, म्हणजे एएसएम किंवा जीएसएममध्ये, तो आहे का पाहा. मग अहवालात कर्मचारी किती, कारखाना कुठे, विक्री कशाची, हे शोधा. सापडलं नाही तर विषय तिथेच संपवा.

टेलिग्रामवरचे गुरू. नोंदणी क्रमांक मागा. रिसर्च अ‍ॅनालिस्टचा क्रमांक 'आयएनएच'ने सुरू होतो, सल्लागाराचा 'आयएनए'ने. मिळालेला क्रमांक सेबीच्या यादीत स्वतः शोधा.

## ६. भारतातून अमेरिकी शेअर घेण्याची वाट

या क्षेत्रातले मुख्य शेअर बाहेरच्या बाजारांत आहेत, म्हणून ही पायरी टळत नाही.

लागणारी कागदपत्रं: पॅन, पत्त्याचा पुरावा, बँकेचं स्टेटमेंट, पैसे परदेशी पाठवण्यासाठी बँकेचा ए२ फॉर्म, आणि आपण अमेरिकेबाहेरचे असल्याचं सांगणारा, ब्रोकरकडे भरायचा 'डब्ल्यू-८बेन'. हा शेवटचा फॉर्म नीट भरला की अमेरिकेत लाभांशावर ३०ऐवजी २५ टक्के कर कापला जातो.

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली एका व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर बाहेर पाठवता येतात. गुंतवणुकीसाठी वर्षात १० लाख रुपयांहून जास्त पाठवले तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतलेला कर, कापला जातो. तो बुडत नाही, रिटर्न भरताना जमा धरला जातो, पण तोवर पैसे अडकतात. बँकेचा विनिमय दरातला फरक आणि पाठवणीचं शुल्क आधी विचारा, कारण थोडी थोडी रक्कम वारंवार पाठवली तर शुल्कातच बरंच जातं. पाठवलेले डॉलर न गुंतवता ब्रोकरकडे पडून राहिले तर १८० दिवसांत परत आणावे लागतात. मार्जिनवर, म्हणजे ब्रोकरकडून उसने पैसे घेऊन, व्यवहार करायला एलआरएस चालत नाही.

एवढी धावपळ नको असेल तर परदेशी बाजारात गुंतवणारे भारतीय म्युच्युअल फंड आणि ईटीएफ (शेअरसारखे बाजारात विकले जाणारे फंड) आहेत. त्यात दोन अडचणी. पूर्ण उद्योगाला मिळून परदेशी गुंतवणुकीची मर्यादा आहे, त्यामुळे काही योजना २०२२पासून मधूनमधून नवे पैसे घेणं थांबवतात. आणि म्हणूनच काही ईटीएफ बाजारात त्यांच्या खऱ्या मूल्यापेक्षा महाग विकले जातात. घेण्याआधी आयएनएव्ही (फंडाचं त्या क्षणाचं खरं मूल्य) आणि बाजारभाव शेजारी ठेवून पाहा. फरक मोठा असेल तर त्या दिवशी घेऊ नका.

## ७. कराची बाजू पहिल्याच वर्षी लावून घ्या

परदेशी शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवून विकले तर नफ्यावर १२.५ टक्के कर, त्याआधी विकले तर तुमच्या स्लॅबप्रमाणे. सरचार्ज आणि सेस वेगळा. लाभांश स्लॅबप्रमाणेच, पण अमेरिकेत कापलेल्या कराची वजावट मिळते. त्यासाठी वेगळा फॉर्म वेळेत भरावा लागतो. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६पासून लागू झाला आहे, त्यामुळे जुन्या लेखांतले फॉर्मचे क्रमांक न वापरता चालू वर्षाचे पाहून घ्या.

एकही परदेशी शेअर असेल तर आयटीआर-१ चालत नाही. रिटर्नमधल्या 'शेड्यूल एफए'मध्ये प्रत्येक होल्डिंग दाखवायचं असतं, आणि तिथे कॅलेंडर वर्ष धरतात, एप्रिल ते मार्च नाही. नफा झाला नसला, काही विकलं नसलं, तरी दाखवायचंच. काळ्या पैशाच्या कायद्यात हे न दाखवल्यास १० लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. ऑक्टोबर २०२४पासून स्थावर सोडून २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली, पण माहिती देण्याची जबाबदारी तशीच आहे. ब्रोकरचं डिसेंबरअखेरचं स्टेटमेंट जानेवारीतच उतरवून ठेवा.

रक्कम मोठी होणार असेल तर आणखी एक. अमेरिकेबाहेरच्या माणसाच्या तिथल्या ६०,००० डॉलरहून जास्त मालमत्तेवर मृत्यूनंतर वारसा कर लागू शकतो. घरच्यांना खात्याची माहिती असू द्या आणि सीएशी एकदा बोलून घ्या.

## ८. घेतल्यावर काय पाहायचं

भाव रोज पाहून काही कळत नाही. एनव्हिडियाचा शेअर २०२२ या एका वर्षात निम्म्यावर आला होता, त्यामुळे पुढच्या तीन-चार वर्षांत लागणारे पैसे, मुलांची फी, घराचा हप्ता, यात घालू नका. वहीत प्रत्येक कंपनीपुढे तीन ओळी लिहा: मी हे का घेतलं, कोणत्या जागेवरच्या आवाज ओळखीवर हे अवलंबून आहे, आणि काय घडलं तर विकेन. उदाहरणार्थ, 'सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने स्वतःची चिप आणल्याचं जाहीर केलं तर'.

मग दर तिमाहीला एक सुट्टीचा दिवस काढा. कंपनीचे निकाल, टीएसएमसीचे मागच्या तीन महिन्यांचे आकडे, आणि गूगल, अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, मेटा या चौघांनी डेटा सेंटरवरच्या खर्चाबद्दल काय सांगितलं, एवढं वाचा आणि आपल्या तीन ओळींशी ताडून पाहा.